सेहेचाळिसाव्या रस्त्यावरचं दार

शुक्रवार, २७ मार्च १९९८. संध्याकाळचे पाच वाजून गेलेत. न्यू जर्सीतल्या एडिसनहून न्यू यॉर्कला निघालेल्या बसमध्ये तुम्ही खिडकीशी बसला आहात आणि तुमचा हात पुन्हा पुन्हा खिशाकडे जातोय. तिथे मोबाइल नाही. वीस-वीस डॉलरच्या चार नोटा आहेत, सबवेची दोन टोकनं आहेत आणि मांडीवर वॉकमन. बाकीचं सगळं पुढच्या शतकात ठेवून यावं लागलं. पुढे काय होणार, एवढी माहिती तेवढी बरोबर आणता आली.

ज्या मावसभावाकडे तुम्ही उतरला आहात, तो वाय-टू-केच्या कामावर इकडे आलाय. दोन हजार साल उजाडताच जगभरचे संगणक कोलमडतील या धास्तीवर त्याचं घर चाललंय, आणि ती धास्ती फुसकी निघणार हे तुम्ही त्याला सांगितलेलं नाही. निघताना वहिनीनं फॉइलमध्ये दोन थालिपीठं गुंडाळून दिली. “भाऊजी, पेपरवाल्यांनी त्याची पार सालटी काढलीत, उद्या बंदच होतंय म्हणे,” ती म्हणाली. “पैसे घालून पडलेलं नाटक बघायला कशाला जायचं?” तुम्ही नुसतं हसलात. पुढची सत्तावीस वर्षं तिला दारात उभ्या उभ्या काय सांगणार!

बोगद्यात शिरण्याआधी बस मोठा वळसा घेते आणि नदीपलीकडचं अख्खं शहर एकदम खिडकीत येतं. दक्षिण टोकाला दोन मनोरे उभे आहेत. बसमधलं कुणीही त्यांच्याकडे बघत नाही. तुम्ही बघता, आणि मान वळवता.

वॉकमनमध्ये गेल्या नोव्हेंबरात आलेला अल्बम आहे, ‘साँग्ज फ्रॉम द केपमॅन’. नाटक रीतसर सुरू व्हायच्या आधीच पॉल सायमननं त्यातली गाणी बहुतेक स्वतःच्या गळ्यानं गाऊन बाजारात आणली. गार्फंकलबरोबरच्या दिवसांपासून जगाच्या कानात बसलेला, ‘ग्रेसलँड’सारखा अल्बम नावावर असलेला हा माणूस आता छप्पन्न वर्षांचा आहे. १९९० नंतर त्यानं नव्या गाण्यांचा अल्बम काढला नव्हता. नव्वदच्या दशकातली त्याची उमेद या नाटकानं खाल्ली. सेंट लुशियाचा नोबेलविजेता कवी डेरेक वॉलकॉट याला बरोबर घेऊन तो ब्रॉडवेसाठी संगीत नाटक लिहीत होता, आणि तेही एका खुनी पोरावर.

पोर्ट ऑथॉरिटीच्या बसस्थानकातून बाहेर पडा आणि आठव्या अ‍ॅव्हेन्यूनं चार रस्ते वर चला. सेहेचाळिसावा रस्ता आला की थिएटर उजवीकडे आहे. तुम्ही डावीकडे वळा. अजून वेळ आहे, आणि नाटकाआधी बघायची जागा या बाजूला आहे.

आधी खाणावळींची रांग लागते. दारात मेनूचे फलक आणि आत पांढरे टेबलक्लॉथ. नाटकाआधी जेवून घेणाऱ्यांची घाई चाललेली. नववा अ‍ॅव्हेन्यू ओलांडला की माणसं विरळ होतात. विटांच्या जुन्या इमारती, अंगावर बाहेरून लोखंडी जिने. मग डाव्या हाताला जाळीमागे सिमेंटचं एक लहानसं पटांगण येतं. हवा मार्चच्या मानानं उबदार आहे. एक पोरगा एकटाच बास्केटबॉल आपटत बसलाय. चेंडूचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून अर्ध्या मात्रेनं उशिरा परत येतो. जाळीला बोटं अडकवून दोन मिनिटं उभे राहा.

१९५९ च्या ऑगस्टअखेरीस, मध्यरात्र उलटून गेल्यावर, इथे दोन पोरांना भोसकून मारलं गेलं. मारणारा सोळा वर्षांचा साल्वादोर अ‍ॅग्रॉन, पोर्तो रिकोतल्या मायाग्वेसचा. अंगावर काळी केप, आतून लाल अस्तर. साथीदाराच्या हातात छत्री. टोळीची मारामारी व्हायची होती. समोर आली ती दुसऱ्या टोळीची नसलेली, भलतीच पोरं. पेपरांनी त्याला ‘केपमॅन’ केलं. विजेच्या खुर्चीची शिक्षा झाली, १९६२ मध्ये गव्हर्नर रॉकफेलरनं ती रद्द करून जन्मठेप दिली. तुरुंगात तो लिहायला-वाचायला शिकला, कविता करू लागला, १९७९ मध्ये सुटला आणि १९८६ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, गेला.

ती बातमी छापून आली तेव्हा नदीपलीकडे क्वीन्समध्ये सतरा वर्षांचा एक पोरगा गिटार घेऊन बसलेला होता. एक रेकॉर्ड किंचित चालून गेलेली होती, पुढच्या चालत नव्हत्या. पेपरातला तो फोटो त्यानंही पाहिला. जवळजवळ आपल्याच वयाचं, आपल्याच शहरातलं पोर, आणि त्याच्याही गल्लीत रात्री तेच डू-वॉप गायलं जात असणार. इथून नाटक सुरू होतं. ‘वेस्ट साइड स्टोरी’ तेव्हा ब्रॉडवेवर दोन वर्षं जुनं झालं होतं; पोर्तो रिकन पोरांची चाकूबाजी बघायला लोक तिकिटं काढून येऊन गेलेच होते. सायमनला ती गोष्ट चाकू चालून गेल्यावर सुरू करायची होती. पोरगा पकडला जातो, वाढतो, शिकतो, पस्तावतो की नाही कळत नाही, आणि त्याची आई तेवढीच राहते. ब्रॉडवेवर हे विकायचं म्हणजे काम सोपं नव्हतं.

आता परत फिरा. पूर्वेला, त्याच रस्त्यानं. खून झालेली जागा आणि त्या खुनावरचं नाटक एकाच रस्त्यावर, दहा-बारा मिनिटांच्या चालीवर. सुरुवातीच्या प्रयोगांना बाहेर निदर्शनं झाली. आपली मुलं अशीच गमावलेले आईबाप फलक घेऊन उभे होते. आज कुणी नाही. पडत्या नाटकाविरुद्ध कोण उभं राहणार?

थिएटरच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, लंट-फाँटॅनला ‘टायटॅनिक’ लागलंय. सिनेमा नव्हे, संगीत नाटक. सिनेमानं याच सोमवारी अकरा ऑस्कर नेली. ते जहाज रोज रात्री बुडतं आणि खेळ तरंगत राहतो, आणि अलीकडच्या फुटपाथवर मात्र खेळच बुडतोय. असा विनोद लिहून काढला असता तर संपादकानं कापला असता.

मार्क्विस थिएटर हॉटेलाच्या पोटात आहे. जुनी थिएटरं पाडून त्यावर हे मॅरियट उभं राहिलं आणि बदल्यात आत एक नवं थिएटर दिलं गेलं. सरकत्या जिन्यानं वर जायचं, लॉबी, गालिचे, पुन्हा वर. नाटकाला आलोय की भाच्याच्या लग्नाच्या रिसेप्शनला, असं वाटतं. सोळाशेच्या आसपास खुर्च्या. सगळ्यात महाग तिकीट पंचाहत्तर डॉलर. चाळीसच्या भावानं तीन हजार रुपये झाले. तुमची जागा वर, मागे.

शेजारी एक आजी बसली आहे, नातवाला घेऊन ब्राँक्सहून आलेली. जन्म पोर्तो रिकोत, न्यू यॉर्कात चाळीस वर्षं, ब्रॉडवेच्या थिएटरात पाऊल आज पहिल्यांदा. हे सगळं ती तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगते. मांडीवरच्या पर्सवर दोन्ही हात, जसे देवळात ठेवतात तसे.

दिवे जातात. समोर मार्क अँथनी तरुण साल्वादोर, नाटकातला ‘साल’, झालाय, सडपातळ, आवाज पितळेसारखा. अजून त्याला इंग्रजी गाणारं जग फारसं ओळखत नाही. तुरुंगातून सुटलेला मोठा साल म्हणजे रूबेन ब्लेड्स. हा पनामाचा, साल्सातला दादा माणूस, हार्वर्डमधून कायदा शिकून आलेला आणि चार वर्षांपूर्वी देशाच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेला. आईच्या कामात पोर्तो रिकोची लाडकी गायिका एद्निता नासारिओ. वाद्यवृंद ऑस्कर हर्नांडेसच्या हाताखाली. नुसत्या नावांवर हाऊसफुल व्हायला हवं होतं.

आणि गाणी! ‘अदिओस एर्मानोस’ हे डू-वॉपचं गाणं ऐका. अल्बमवर ते वाद्यांशिवाय, गळ्यांवर उभं आहे. कोपऱ्यावरच्या दिव्याखाली पोरं गातात तसं कोवळं, गोड. विषय मात्र कोर्ट, शिक्षा आणि वर्तमानपत्रातले शिव्याशाप. गोडवा आणि गुन्हा एकाच श्वासात चालतात. सायमनला हेच येतं आणि हेच त्याच्याइतकं कुणाला येत नाही. पोर्तो रिकोचे ठेके सुरू झाले की तुमच्या शेजारची आजी पर्सवर बोटांनी ताल धरते. तिचा ताल सभागृहातल्या अर्ध्या लोकांपेक्षा पक्का आहे. तुमच्या दोन रांगा पुढे कुणी तरी ओळ पुरी व्हायच्या आत दाद देतं. आजूबाजूला स्पॅनिश ऐकू येते. एरवी ब्रॉडवेच्या प्रेक्षागृहात जी माणसं फक्त झाडू घेऊन दिसतात, ती आज तिकीट काढून बसली आहेत.

मग ‘कॅन आय फर्गिव्ह हिम’ येतं. मारणाऱ्याची आई आणि मेलेल्या दोघांच्या आया, अशा तिघी जणी. एक क्षमा मागते, दोघी देत नाहीत, आणि गाणं कुणाचीही बाजू घेत नाही. अल्बमवर सायमन तिन्ही बायकांचं एकटाच गातो, हातात फक्त गिटार. तिथेही अंगावर येतं, पण इथे तीन शरीरं समोर उभी आहेत आणि त्यांच्यामधलं अंतर दिसतं. आजीचा ताल थांबलेला आहे. नातू तिच्याकडे बघतोय. ती स्टेजकडे बघत नाही, स्वतःच्या अंगठीकडे बघते.

एवढ्या वेळात तुम्हाला दुखणंही कळलेलं आहे. गाणं आलं की नाटक खांबाला टेकून उभं राहतं. माणूस समोर येतो, आपलं मन गातो आणि बाजूला होतो. एकमेकांशी कुणी भांडत नाही, कुणाला काही हवं नाही, कुणी कुणाला अडवत नाही. दादर-पुण्याच्या थिएटरांत संगीत नाटकं बघत वाढलेल्याला हे नवीन नाही. आपण तर वर ‘वन्स मोअर’ देतो आणि कथानकाला आणखी पाच मिनिटं त्याच खांबाला टेकवतो. पण आपल्याकडे तो करार आहे, कथा सगळ्यांना आधीच माहीत असते. ब्रॉडवेवर गाण्यानं गोष्ट पुढे ढकलावी लागते. सायमननं आधी गाणी घडवली, जवाहिऱ्यासारखी, आणि नंतर त्यांना ओवायला दोरा शोधला. दिग्दर्शक बदलत गेले. श्रेय मार्क मॉरिसला आहे, जो मुळात नृत्यरचनाकार. उद्घाटन ८ जानेवारीवरून २९ वर गेलं. एक कोटी दहा लाख डॉलर लागले. दुसऱ्या दिवशी ‘टाइम्स’नं मातीत घातलं.

मध्यंतरात आजी तुमच्या हातावर पेपरमिंट ठेवते. तुम्ही फॉइल उघडता. ती थालिपीठाचा तुकडा मोडते, वास घेते, खाते, आणि मान हलवून नातवाला देते. हे काय आहे असं विचारत नाही.

दुसरा अंक तुरुंगात लांबतो. पहारेकरी, कैदी, पत्रातून जुळलेली मैत्रीण, पश्चिमेकडे जाणारी बस. ‘ट्रेलवेज बस’ हे गाणं म्हणून फार सुंदर आहे. खिडकीतून देश सरकताना दिसतो. स्टेजवर मात्र एक माणूस बसलाय आणि देश सरकत नाही. तरुण साल आणि मोठा साल समोरासमोर येऊन गातात तेव्हा एकदा पुन्हा जीव धरतो. मग संपतं. आजी उभी राहून टाळ्या वाजवते, बराच वेळ. उद्या शनिवारी, २८ मार्चला, अडुसष्टावा प्रयोग होईल आणि पडदा पडेल. टोनीसाठी याच्या संगीताचं नामांकन होईल, बक्षीस ‘रॅगटाइम’ला जाईल. तुम्ही हे आजीला सांगत नाही. ती नातवाला सांगतेय की पुढच्या महिन्यात तुझ्या मावशीला घेऊन येऊ.

बाहेर रस्त्यावर जाऊ नका. हॉटेलच्या मधल्या उंच पोकळीत काँक्रीटचा एक खांब आहे आणि त्याच्या अंगावरून काचेच्या लिफ्टा माळेतल्या मण्यांसारख्या वर-खाली जातात. एकीत शिरा. आकडे मजल्यांचे नाहीत, सालांचे आहेत.

२०००. दार उघडतं ते एडिसनच्या स्वयंपाकघरात. जगातले संगणक शाबूत आहेत; मावसभाऊ नवी नोकरी शोधतोय. वहिनी कणीक मळतेय आणि फ्रिजवरच्या सीडी प्लेअरवर ‘यू आर द वन’ चालू आहे. हा सायमनचा नाटकानंतरचा पहिला अल्बम. ग्रॅमीच्या सर्वोत्तम अल्बमच्या यादीत जाईल, हरेल, आणि मागे राहील. तुम्ही काही बोलणार तेवढ्यात वहिनी पिठाचं बोट ओठांवर धरते. ‘डार्लिंग लॉरेन’ लागलंय.

फ्रँक नावाचा माणूस लॉरेनला भेटतो. थापा मारतो, आपण आयुष्यभर भटकलो म्हणतो आणि लगेच कबूल करतो की बहुतेक काळ आईबापांच्या घराजवळच काढला. लग्न होतं. कंटाळा, भांडण, सोडून जाते म्हणते, जात नाही. नाताळच्या सकाळी ती पॅनकेक करते, टीव्हीवर जुना सिनेमा लागतो. आणि मग तुम्हाला कळायच्या आत ती आजारी असते. साडेसहा मिनिटांत सगळा संसार. वहिनीचे हात परातीत थांबलेले आहेत.

“अगं बाई, गेली का ती?”

“गेली.”

“आत्ता तर पॅनकेक करत होती.” ती कणकेकडे बघते. “हे तर नाटकच झालं की हो भाऊजी. नुसतं स्टेज नाही.”

दोन वर्षांपूर्वी सेहेचाळिसाव्या रस्त्यावर जे साधलं नाही ते इथे, परातीशेजारी, झालेलं आहे. पात्रं एकमेकांशी बोलतात, खोटं बोलतात, त्यांना काही तरी हवं असतं. वेळ पुढे जाते आणि कुणी ती जाताना दाखवत नाही. मला सायमनचे पुढचे सगळे अल्बम या गाण्याच्या दारातून दिसतात. ‘ग्रेसलँड’च त्याचं शिखर म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही, पण हे गाणं ‘ग्रेसलँड’च्या वयात त्याला लिहिता आलं असतं असं मला वाटत नाही. ते लिहायला आधी कोटीभर डॉलरचं नाटक पडावं लागलं.

लिफ्ट २००६ ला दार अर्धवट उघडून पुन्हा मिटते. ‘सरप्राइज’, ब्रायन ईनोबरोबर केलेला. विजेचे ढग, धुकं, चकचकीत कडा. ऐकून झालं की आदर वाटतो. पुन्हा लावावासा वाटत नाही.

२०१० चा ऑगस्ट. आता दार सेंट्रल पार्कच्या उघड्यावर, डेलाकोर्ट थिएटरात. पाठीमागे तळं, त्यापलीकडे खडकावरचा छोटा किल्ला, आणि घाम. ‘केपमॅन’ तीन रात्रींसाठी परत आलंय. डायन पॉलस या दिग्दर्शिकेनं त्याला छाटून दीड तासात आणलंय, बिनमध्यंतराचं. वाद्यवृंद स्टेजवरच. सजावट जवळजवळ नाहीच, आणि तिची गरजही लागत नाही. नाटकाचं नाटकपण काढून घेतलं तेव्हा ते चालू लागलं. लोक ओरडतायत. तुम्ही रांगांमधून त्या आजीला शोधता. ती दिसत नाही. एक तिशीतला माणूस मांडीवर बोटांनी ताल धरून बसलाय, तो तिचा नातूच असेल असं तुम्ही ठरवून टाकता.

एक मजला वर, एप्रिल २०११, ‘सो ब्यूटिफुल ऑर सो व्हॉट’. कनेक्टिकटमधल्या घरच्या स्टुडिओत, बराच एकट्यानं केलेला. ‘डॅझलिंग ब्लू’मध्ये कर्नाटकी वळणाची तालवाद्यं आणि अमेरिकी डोंगराळ मुलखातलं ब्लूग्रासचं समूहगायन एकमेकांना लागून बसवली आहेत, आणि कुठेही शिवण दिसत नाही. पण लिफ्टमध्ये ऐकायचं ते ‘द आफ्टरलाइफ’. माणूस मेल्यावर वर पोचतो, आणि तिथे काय? आधी फॉर्म भरायचा, मग रांगेत उभं राहायचं. आपल्या कुठल्याही तहसील कचेरीत दिवस काढलेल्याला स्वर्गाचं हे वर्णन तंतोतंत पटावं. मेलेला गडी रांगेतल्या बाईशी सलगीही करून बघतो. शेवटी देवासमोर उभा राहिल्यावर त्याच्या तोंडून उरतात ते जुन्या रॉक अँड रोलचे निरर्थक शब्द. पुन्हा एक अंकिका, विनोदी, आणि शेवटाला पायाखालची फळी काढून घेणारी.

२०१६ ला पोचायच्या थोडं आधीच लिफ्ट थांबते ती न्यू जर्सीत, माँटक्लेअर विद्यापीठाच्या एका खोलीत, जी खोली कमी आणि भंगारवाल्याचं स्वप्न जास्त. काचेचे मोठे वाडगे टांगलेले. प्रयोगशाळेतल्या बरण्यांची डोकी कापून केलेले. हॅरी पार्च या अवलियानं सप्तकाचे बारा नव्हे, त्रेचाळीस तुकडे केले आणि ते वाजवायला वाद्यं स्वतःच बनवली. आपण बावीस श्रुतींवर वाद घालत पिढ्या घालवल्या. हा माणूस सुतारकामाला लागला. एका वाडग्यावर हलकेच टकटक करा. आवाज सुरू कधी झाला आणि संपला कधी, सांगता येत नाही. सत्तरी ओलांडलेला सायमन इथे येऊन हे आवाज भरून घेऊन गेलाय. अल्बम २०१६ मध्ये येईल, नाव ‘स्ट्रेंजर टू स्ट्रेंजर’.

त्यातलं ‘रिस्टबँड’ हे गाणं उभ्या बासच्या मोठ्या मिश्कील चालीवर चालतं. एक गायक कार्यक्रमाआधी स्टेजच्या दारातून जरा हवा खायला बाहेर येतो. मागे दार धाडकन बंद. पुढच्या दारानं जावं तर आडदांड पहारेकरी मनगटावरचा पट्टा मागतो. अरे बाबा, आत वाजतंय ते माझंच आहे! पट्टा नाही तर आत नाही. इथवर हसायला येतं. मग शेवटच्या कडव्यात गाणं त्या गायकाला सोडून देतं आणि ज्या गावांना, ज्या पोरांना असा पट्टा कधीच मिळणार नाही त्यांच्याकडे वळतं, त्यांच्या रागाकडे. सायमननं कधी म्हटलं असेल-नसेल, मला या गाण्यात सेहेचाळिसावा रस्ता दिसतो. स्वतःच्याच नाटकाच्या दाराबाहेर राहिलेला गीतकार, आणि त्याहून आधी, केप घालून रात्री हिंडणारं सोळा वर्षांचं पोर, ज्याच्यासाठी या शहरातलं कुठलंच दार आतून उघडत नव्हतं.

२०१८ भराभर. सप्टेंबरात ‘इन द ब्लू लाइट’, आपलीच दुर्लक्षित राहिलेली दहा गाणी पुन्हा नव्यानं मांडलेला. त्यात चार ‘यू आर द वन’मधली; ‘डार्लिंग लॉरेन’ अर्थातच. ‘केपमॅन’मधलं एकही नाही. मी यादी दोनदा वाचली. त्याच महिन्यात २२ तारखेला तो क्वीन्समध्ये, लहानपणीच्या घरापासून जवळच्या मैदानात, दौऱ्यांचा निरोप घेतो.

आणि मग दार टेक्सासमध्ये उघडतं, मिट्ट काळोखात. पहाटेचे चार. १५ जानेवारी २०१९ ला सायमनला स्वप्न पडलं की तू ‘सेव्हन साम्स’ नावाचं काही तरी लिहितोयस. तेव्हापासून आठवड्यातून काही वेळा तो साडेतीन ते पाचच्या दरम्यान उठतो. शब्द येतात, लिहून घेतो. तुम्ही खोलीच्या कोपऱ्यात उभे आहात. कागदाचा आवाज, लाकडाचा आवाज, गिटारच्या तारेवर बोट सरकल्याची बारीक किर्र. काम चालू असतानाच त्याच्या डाव्या कानानं साथ सोडली. साठहून जास्त वर्षं ज्या कानांवर पोट भरलं, त्यातला एक गेला. तो मान किंचित वळवून उजवा कान गिटारकडे नेतो. पुन्हा तीच तार.

मे २०२३ मध्ये ते बाहेर आलं. तेहतीस मिनिटं, सात भाग, पण एकच सलग ट्रॅक. मधूनच उडी मारून आवडतं गाणं लावायची सोय ठेवलेली नाही. गिटार, पार्चचे काचेचे वाडगे, आणि शेवटाकडे बायको एडी ब्रिकेलचा आवाज. श्रद्धा आहे की नाही याबद्दलचा वाद, स्वतःशीच. मध्येच पाणचट विनोद, मध्येच थंडगार भीती. बिनमध्यंतराचा एकपात्री प्रयोग. गाण्यानं गोष्ट पुढे ढकलायची असते, हे आता त्याला इतकं येतं की गोष्टच लागत नाही.

शेवटचा मजला. जून २०२५, बीकन थिएटर. हे थिएटर ब्रॉडवे नावाच्या त्याच रस्त्यावर आहे, फक्त मार्क्विसपासून अठ्ठावीस रस्ते वर. सोनेरी भिंती, जुने गालिचे. ऐकू कमी येतं म्हणून त्यानं मोठी मैदानं सोडून असे हॉल घेतलेत. त्र्याऐंशी वर्षांचा सायमन बसून ‘सेव्हन साम्स’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत गातो. आवाज कागदासारखा झालाय, पण शब्द एकही खाली पडत नाही. आजूबाजूच्या वाद्यांना आवाज चढवायची मुभा नाही. तेहतीस मिनिटं कुणी खोकतसुद्धा नाही, म्हणजे खोकतात, पण अपराध्यासारखे. मग दिवे लागतात. मध्यंतर.

तुम्हाला मोकळी हवा हवीशी वाटते. बाजूला लाल अक्षरांखाली लोखंडी दांड्याचं दार आहे. तुम्ही दांड्यावर हात ठेवता. मग मनगटाकडे बघता. त्यावर काही नाही. हात काढून घेता आणि जागेवर परत येता.

शेजारच्या खुर्चीत वहिनी बसली आहे. तिचे केस पांढरे झालेत, तुमचे नाहीत. त्याबद्दल ती काही बोलत नाही.

“का हो, गेला नाहीत बाहेर?”

“नको म्हटलं.”

ती स्टेजवरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहते. “भाऊजी, तुम्ही मागे ते पडलेलं नाटक बघायला गेला होतात ना, मी थालिपीठं दिली होती. ते याचंच का हो?”

“याचंच.”

“हं,” वहिनी म्हणते, आणि इकडेतिकडे बघून, पर्समधून हळूच फॉइलची पुडी काढते.